सहा मिलिमीटरचा माणूस

आमच्या घरात एखादी वस्तू संपली, की तिची खरी विचारपूस सुरू होते. डिओडरंटची रिकामी कांडी, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, शाई आटलेलं बॉलपेन, धार गेलेला रेझर अशी सगळी मंडळी कचऱ्याच्या डब्याकडे निघालेली असतात आणि वाटेत माझ्या टेबलावर थांबवून घेतली जातात. मी त्यांना आडवं करतो, पालथं करतो, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहतो. बायकोने या प्रकाराशी आता तह केला आहे. काहीही टाकण्याआधी ती वस्तू हातात धरून ती विचारते, "याचं काही होण्यासारखं आहे का?" स्वर असा, की हाच प्रश्न पूर्वी कधीतरी माझ्याबद्दलही कुणाला तरी विचारून झाला असावा आणि उत्तर अजून यायचं असावं.

मी लुटुपुटीच्या लढाया खेळतो. इंग्लंडात, नॉटिंगहॅममध्ये, जेवणाच्या टेबलावर, शेजारच्या एका निवृत्त इंग्रज गृहस्थांशी. टेबलावर मातकट हिरवं कापड, त्याखाली जाड पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या आणि त्या टेकड्यांवर करंगळीच्या नखावर मावतील अशा पलटणी. लढाया सगळ्या भविष्यकाळातल्या. याचं खरं कारण माझा आळस. वॉटर्लू मांडावी, तर कोणत्या पलटणीची कॉलर पिवळी होती हे सांगणारा एक तरी जाणकार दाराशी उभा असतो. पानिपत मांडावं, तर आमच्या नात्यातच इतके जाणकार निघतील की लढाई मुळापेक्षा जास्त दिवस चालेल. चाळीस हजार सालची पलटण मात्र कुणीच पाहिलेली नाही. तिथे खरं असण्याची सक्ती नाही, पटण्यासारखं असलं की झालं. आता खरं असण्यापेक्षा पटणं किती अवघड आहे, हे ज्याने त्याने आपली पहिली गाडी बनवायला बसावं म्हणजे कळतं.

कारण आधी माणूस ठरवावा लागतो. आमचा सैनिक सहा मिलिमीटरचा, म्हणजे उभ्या केलेल्या बासमतीच्या दाण्याएवढा. प्रमाण साधारण एकास तीनशे. एकदा हा दाणा टेबलावर उभा राहिला, की घरातल्या यच्चयावत वस्तू त्याच्याकडे बघून आपापलं कूळ बदलतात. पाच सेंटिमीटरचा पेन्सिल सेल पंधरा मीटरची इंधनाची टाकी होतो. ब्लाउजचं टिचबटण दोन मीटर रुंदीचा तोफेचा घुमट होतं. सात सेंटिमीटरची खेळण्यातली मोटार एकवीस मीटरची होते. एसटीच्या दोन गाड्या एकीमागे एक लावाव्यात एवढी. डिओडरंटची बारा सेंटिमीटरची कांडी तर छत्तीस मीटरचं, जमिनीवर तरंगणारं जहाजच होऊन बसते. तीच कांडी उचलून अठ्ठावीस मिलिमीटरच्या सैनिकाशेजारी ठेवली, की निमूटपणे सात मीटरचा आटोपशीर रणगाडा होते. कांडी तीच, तिचा मंद वासही तोच. मोठेपण तिच्या अंगात कुठे नसतंच, ते शेजारी उभा असलेला ठरवतो. एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं नोकरी करून उमगली नव्हती, ती एका रिकाम्या कांडीने शिकवली.

या खुळाची वंशावळ मात्र बरी आहे. मंगळावरची तीन पायांची यंत्रं १८९८ मध्ये पुस्तकरूपाने लंडनवर सोडणारे एच. जी. वेल्स हे आमचे मूळ पुरुष. चिलखती गाड्यांची त्यांची 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा १९०३ ची. खरे रणगाडे रणांगणावर आले ते १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत. त्या दोन सालांच्या दरम्यान, १९१३ मध्ये, या गृहस्थांनी 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं आणि शिशाचे दोन इंची शिपाई जमिनीवर मांडून स्प्रिंगच्या तोफेने लाकडी गोळ्या कशा मारायच्या, याचे रीतसर नियम लिहिले. खेळणाऱ्यांची वयोमर्यादा त्यांनी शीर्षकातच सांगून टाकली आहे : बारा ते दीडशे. पुस्तकाच्या अखेरीस ते गंभीर होतात आणि सुचवतात, की ज्याने ही छोटी लढाई तीन-चारदा खेळून पाहिली, त्याला खरी, मोठी लढाई किती आंधळी आणि गबाळी असणार हे आपोआप कळेल. दुसऱ्याच वर्षी जगाने ती मोठी खेळायला घेतली. तेव्हापासून टेबलावरचा शिपाई काही उंच झालेला नाही. दोन इंचांचा तो एका इंचावर आला, मग पंधरा मिलिमीटरवर, मग सहावर. मैदान तेवढंच ठेवून लढाई मोठी करायची तर माणूस लहान करण्यावाचून गत्यंतर नसतं. हे राजकारण्यांना सांगायची गरज नाही. माझ्यापुरती अडचण एवढीच, की शिपाई ज्या वेगाने बारीक होत गेले त्याच वेगाने माझ्या चष्म्याचा नंबर वाढत गेला.

नॉटिंगहॅमला तर हे गावदैवतच आहे. याच गावातल्या गेम्स वर्कशॉप नावाच्या कंपनीने १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ काढला. त्या सुरुवातीच्या दिवसांत सैनिक होते, पण गाड्या नव्हत्या. तेव्हा खुद्द कंपनीच्या लोकांनी डिओडरंटच्या रिकाम्या डबीला इकडून तिकडून तुकडे चिकटवून एक तरंगता रणगाडा तयार केला आणि असा तुम्हीही करा, म्हणून खेळणाऱ्यांना कृतीसकट दाखवला. तो रणगाडा आमच्या पंथात आजही हात जोडून आठवला जातो. पुढे कंपनीने स्वतःच्या गाड्यांचे साचे काढले, साच्यांवर साचे निघाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. सिद्ध गाड्या आता दुकानात सुबक खोक्यांतून मिळतात. मला त्या आवडतात आणि मी त्या घेत नाही. त्या गाड्यांना भविष्य आहे, पण भूतकाळ नाही. त्या आधी काहीच नव्हत्या.

भूतकाळ असलेल्या गाड्या रविवारी सकाळी मिळतात. गावाबाहेरच्या एखाद्या ओल्या मैदानात लोक आपापल्या मोटारींच्या डिक्या उघडून घरातलं नको झालेलं विकायला बसतात. किटल्या, क्रिकेटचे पॅड, कुणाच्या तरी काकूंचे घोड्यांचे पुतळे आणि या सगळ्यांच्या पायाशी, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात, रंग उडालेल्या मोटारींचा ढीग. कुणाचं दार गेलेलं, कुणाची दोन चाकं वाकडी. माझे वडील, नाना, उन्हाळ्यात इकडे येतात तेव्हा मी त्यांना या मैदानात घेऊन जातो. नानांची सगळी नोकरी दापोडीला, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झाली. त्या डब्यातल्या गाड्या लोक वरून बघतात, नाना उचलतात आणि आधी पालथ्या करतात. पोटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मेड इन इंग्लंड, लेस्नी'. एकदा मी त्यांना या गाड्यांची गोष्ट सांगितली. लंडनमधल्या लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. म्हणून त्यांनी तिला पितळेचा एक इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या. बस असो, ट्रॅक्टर असो, दूधवाल्याची गाडी असो, पेटीत मावली पाहिजे. नानांनी एका हातावर दुमजली बस आणि दुसऱ्या हातावर छोटी मोटार घेतली. दोन्ही सारख्याच लांबीच्या. "म्हणजे माप गाडीचं नाही," ते म्हणाले, "माप पेटीचं." आणि विक्रेत्याला पन्नास पेन्सची वस्तू तीस पेन्सला मागून त्यांनी मला चारचौघांत ओशाळवाणं केलं. दिली त्याने.

मला वाटलं होतं, या वयात मी खेळण्यांशी काय करतोय हे नानांना समजावून सांगावं लागेल. तशी वेळ आली नाही. टेबलाशी बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न आला, "चॅसी कुणाची?" एसटीने वर्षानुवर्षं हेच केलं होतं. टाटांकडून किंवा अशोक लेलँडकडून नुसती चॅसी यायची आणि तिच्यावर बसची बॉडी आमच्या दापोडीत चढायची. ती उघडी चॅसी महामार्गावरून येताना लहानपणी पाहिल्याचं मला लख्ख आठवतं. छप्पर नाही, दारं नाहीत, काच नाही. नुसतं इंजिन, लांबच लांब लोखंडी कणा आणि पुढे एका आसनावर, तोंडाला गमछा गुंडाळून, वाऱ्याशी डोळे बारीक करून बसलेला ड्रायव्हर. पुढे मी अंतराळयुद्धाचे कितीतरी सिनेमे पाहिले, पण तेवढं परग्रहावरचं दृश्य एकात दिसलं नाही. आणि ती उघडी चॅसी दापोडीच्या एका दारातून आत जायची, ती दुसऱ्या दारातून लाल रंगाची, खिडक्यांची, 'धूम्रपान करू नये' असं लिहिलेली होऊन बाहेर पडायची. गाडीचं रूपांतर करणं हा आमच्या घरात नोकरीचा भाग होता, छंद म्हणून तो माझ्या पिढीत उतरला इतकंच.

कृती सांगायची तर अशी. मोटार पालथी घालून तिच्या पोटावरचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवायचे. तळ सुटतो, आतल्या सीटा आणि पारदर्शक काच निघते, चाकं गळून पडतात. चाकं गेली की निम्मं काम झालं. भविष्यकाळाला चाकांचं एवढं वावडं का आहे कोण जाणे, पण चाक दिसलं की डोळा लगेच गाडीला विसाव्या शतकात ओढून आणतो. त्याहून चहाडखोर म्हणजे खिडकी आणि दार. ही दोघं माणसाच्या मापाची असतात आणि खऱ्या मापाचा बभ्रा करतात. म्हणून ती एमसीलने बुजवायची. मग सगळ्यात जुनी युक्ती : गाडी उलट्या तोंडाची करायची. जिथे डिकी होती तिथे नाक, जिथे नाक होतं तिथे इंजिनाचे धुराडे. डोळा क्षणभर चाचरतो आणि ओळखीचं काही न सापडल्यामुळे मुकाट्याने पुढच्या शतकात जातो. वर टिचबटणाचा घुमट, त्यात टाचणीची तोफ, स्टेपलरच्या पिनांचे कठडे, गिटारच्या तुटलेल्या जाड तारेचे तुकडे म्हणजे नळ्या, रेडिओतला एखादा जळका रेझिस्टर. टपावर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचं दोन मिलिमीटरचं झाकण चिकटवलं, की अचानक कळतं, यातून माणूस आत जातो. तोपर्यंत ते ढेकूळ होतं, आता ती गाडी झाली.

सिनेमावाल्यांनीही पोट याच धंद्यावर भरलं आहे. १९६५ च्या 'थंडरबर्ड्स' मालिकेत एका यानाच्या भुयारी तळाच्या भिंतीवर जे भव्य यंत्र दिसतं, ते लिंबू पिळायचं भांडं आहे. 'स्टार वॉर्स'च्या यानांवरचे बहुतेक खवले बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या मॉडेलसंचांतून आले. त्यातल्या नायकाची वाळवंटात तरंगणारी मोटार खरोखर चालावी म्हणून आत बाँड बग नावाच्या ब्रिटिश तीनचाकीची चॅसी घातली होती. हे ऐकून नाना फार खूश झाले. आकुर्डीच्या तीनचाकी टेम्पोबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून चांगलं होतं. योग्य लोकांच्या हाती पडता तर तोही अंतराळात गेला असता, असं त्यांना वाटलं. १९९९ च्या भागातल्या वयोवृद्ध योद्ध्याचं संदेशयंत्र बायकांच्या रेझरच्या मुठीवरून साचा काढून केलेलं होतं, हेही मी बायकोला ऐकवलं. तिने शांतपणे आपला रेझर उचलून कपाटात कुलपात ठेवला.

पण सिनेमावाले खवले चिकटवतात ते नुसते दिसण्यासाठी. नानांना ते चालेना. मी हौसेने एखादा तुकडा चिकटवला, की ते भिंग सरसावून विचारत, "हे काय आहे?" मी म्हणायचो, काही नाही, असंच. असंच हा शब्द त्यांच्या कार्यशाळेत चालत नसावा. एअर फिल्टर कुठे आहे? रेडिएटरमध्ये पाणी कुठून घालायचं? टपावर सामान ठेवता, तर मागे शिडी नको का? तापलेल्या धुराड्याला लागून माणसाचं दार ठेवलंत, उतरणारा भाजेल की. त्या शेवटच्या आक्षेपापायी मी एक पूर्ण रंगवून झालेला रणगाडा पुन्हा फोडला. दार दुसऱ्या बाजूला नेलं. सहा मिलिमीटरचा माणूस भाजू नये म्हणून दोन मोठी माणसं रात्री साडेअकरापर्यंत चिमट्याने काम करत होती आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

लहानपणी मात्र त्यांनी असं लक्ष घातल्याचं आठवत नाही. दिवाळीत वसाहतीतली आम्ही पोरं किल्ला करायचो. दगडमातीवर गोणपाट, वर चिखलाचा हात, अळीव आणि मोहरी पेरून उगवलेलं रान. सिंहासनावर महाराज चार इंचांचे, पायथ्याचे मावळे दोन इंचांचे, गुहेत बुरुजाहून उंच वाघ, तळ्यात प्लॅस्टिकचं बदक आणि घाटाच्या रस्त्यावर हमखास एक जीप. सतराव्या शतकात जीप कशी, असं कुणी विचारत नसे. जीप होती, म्हणून रस्ता होता. नाना ड्यूटीवरून येऊन चिखलाचे पाय बघून ओरडायचे आणि आत जायचे. परवा मी सहज तो विषय काढला, तर म्हणाले, "त्या तुमच्या घाटाला वळणावर कठडा नव्हता. मी रोज बघायचो." पस्तीस-चाळीस वर्षं हा माणूस तो कठडा मनात बाळगून होता.

रंगकामात आमचं एकमत असतं. आधी करडा प्रायमर, आणि ही माझी सर्वांत आवडती घटका. तोवर गाडी म्हणजे लाल पत्रा, पांढरं प्लॅस्टिक, पिवळं एमसील आणि निळं टोपण यांची धर्मशाळा असते. प्रायमरचा एक हात फिरला की सगळ्यांची जातपात पुसली जाते आणि ती एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसते. मग रंग द्यायचा, आणि रंग वाळला की तो खराब करायचा. पातळ तपकिरी वॉश फटींत सोडायचा, कोरड्या ब्रशाने कडा झिजवायच्या, फाटक्या स्पंजाने पोचे उडवायचे, तळाशी चिखल. अजून जन्माला न आलेल्या शतकातली गाडी जुनाट दिसल्याखेरीज कुणाला पटत नाही, ही गंमत मला कधी संपेलसं वाटत नाही. चिखल कुठवर उडतो ते नाना सांगतात. पुढच्या चाकामागे जास्त, मागच्या बाजूला उडवल्यासारखा. गाडीला चाकंच नाहीत, ही आठवण मी त्यांना करून देत नाही.

शेजारचे गृहस्थ डार्बीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मराठी येत नाही आणि नानांचं इंग्रजी 'हाऊ मच'च्या पुढे सरकत नाही, पण रिव्हेट या विषयावर दोघांचं अर्धा-अर्धा तास चालतं. गेल्या खेपेला लढाई ऐन रंगात असताना त्यांच्या तोफेने माझी ती दार फिरवलेली गाडी उडवली. नियमाप्रमाणे मी तिच्यावर काळा रंगवलेला कापूस ठेवला आणि तिला टेबलावरून उचलायला हात पुढे केला. नानांनी माझा हात धरला. "नेतोस कुठे? बघितलंस का काय झालंय? नुसतं रेडिएटर गेलं असेल." मी म्हटलं, "नाना, ती नष्ट झाली. नियम आहे तसा." ते म्हणाले, "एवढी गाडी घाटात टाकून द्यायची? ड्रायव्हर आहे आत. ब्रेकडाऊन व्हॅन पाठवा."

मी ते शेजाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, बरोबर आहे. आमच्याकडेही रुळावरून घसरलेला डबा कुणी कधी टाकून देत नसे. लढाई तिथेच स्थगित झाली. आइस्क्रीमच्या डब्यातून मॅचबॉक्सची एक जुनी टोइंगची गाडी निघाली. तिची चाकं उडाली, काच बुजली, मागचा आकडा तेवढा ठेवला. पुढच्या आठवड्यात दोघा म्हाताऱ्यांनी मिळून नियम केले : आकडा अडकवायला फासा पाच किंवा सहा पडला पाहिजे, ओढून नेताना वेग निम्मा, आणि या काळात शत्रूने गोळी मारायला हरकत नाही. ती शेवटची अट शेजाऱ्यांची. खेळ म्हणजे खेळ.

मग उरलेली सगळी लढाई त्या एका गाडीभोवती झाली. टेकडी गेली, पूल गेला, उजवीकडची पलटण कापसाखाली गेली. मला तिकडे बघू दिलं गेलं नाही. फासे नाना टाकत होते, प्रत्येक वेळी मुठीत फुंकर घालून. शेजारी दर डावाला नेम धरून तोफ डागत होते आणि गोळा चुकला की माझ्यापेक्षा मोठ्याने सुस्कारा टाकत होते. शेवटच्या डावात ती जोडगोळी रखडत टेबलाच्या कडेपाशी पोचली आणि कापडाबाहेर, साखरेच्या डब्याजवळ, सुखरूप उतरली. गुण मोजले तेव्हा मी सणसणीत हरलो होतो. नानांनी चष्मा वर करून गाडी पालथी केली, तिच्या पोटाकडे नीट पाहिलं आणि ती साखरेच्या डब्याला टेकवून ठेवत म्हणाले, "काही नाही झालेलं. सकाळच्या पहिल्या फेरीला सुटेल."